मालासकट गुत्तं: स्क्वेअर फुटाच्या दरात काय येतं, काय राहतं

‘मालासकट अमुक रुपये फूट, किल्ली तुमच्या हातात.’ लातूर असो, नांदेड असो की जालना, प्लॉट घेऊन दोन-चार वर्षं झालेल्या माणसाला हे वाक्य पाठ असतं. गवंडी, सेंट्रिंगवाला, लाईटवाला, नळवाला, फरशीवाला या सगळ्यांच्या वतीने बोलणारा एकच माणूस, गुत्तेदार. आणि सगळ्या खर्चाचा एकच आकडा. भाव चढत असताना हा आकडा जास्तच गोड वाटतो. उद्या लोखंड महागलं तरी तो त्याचा प्रश्न, आपल्याला काय, असं घरमालक धरून चालतो.

तसं होत नाही. घराचं काम सात-आठ महिने चालतं. ठरलेल्या दरात गुत्तेदाराला सुटणारे पैसे बेताचेच असतात, आणि मध्येच लोखंड किंवा सिमेंट चढलं की तेही संपतात. मग एकतर तो वाढीव पैसे मागतो, नाहीतर घरातून काढून घेतो. दुसरा मार्ग सोपा पडतो, कारण काढायच्या जागा झाकल्या जाणाऱ्या असतात: पायाची खोली, लोखंडाचं अंतर, क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीटला पाणी देत राहायचे दिवस. फरशी आणि रंगात सहसा कोणी हात मारत नाही, ते सगळ्यांना दिसतं.

म्हणून या सेवेला पाचपैकी अडीच गुण. कराराला मापांचा तपशील जोडला तर साडेतीन. नुसत्या तोंडी बोलीवर एक, आणि तोही माणूस ओळखीचा असेल तर.

हिशेबासाठी एक घर समोर ठेवू. ३० बाय ५० चा प्लॉट, त्यावर २५ बाय ४० चं तळमजल्याचं आरसीसी घर, म्हणजे १,००० चौरस फूट. दर १,८०० रुपये धरू, म्हणजे १८ लाख. तुमच्या गावात दर वेगळा असेल, आकडे बदलून हाच हिशेब मांडता येतो. अशा घराला ढोबळमानाने ४०० ते ४५० बॅगा सिमेंट, साडेतीन ते चार टन लोखंड, १८ ब्रास वाळू आणि साडेतेरा ब्रास खडी लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हे आकडे पाठ असले की गुत्तेदाराशी बोलताना आवाज आपोआप वेगळा लागतो.

फूट म्हणजे कोणता फूट?

पहिलं भांडण इथेच होतं आणि ते शेवटच्या बिलाच्या दिवशी होतं. २५ बाय ४० हे जोत्याचं माप. स्लॅब मात्र लांबी-रुंदीत दोन-दोन फूट बाहेर काढलेला असतो, म्हणजे २७ बाय ४२, एकूण १,१३४ फूट. दर जोत्याच्या मापावर की स्लॅबच्या, हे लिहिलेलं नसेल तर १३४ फुटांचे १,८०० प्रमाणे २ लाख ४१ हजार २०० रुपये वादात पडतात. दोन्ही पद्धती चालतात, दोन्हीत गैर काही नाही. फक्त कोणती ते आधी ठरलेलं हवं.

तसंच जिन्याचं. जिन्यावरची टोपी अर्ध्या दराने धरायची की पूर्ण? पॅरापिट, म्हणजे गच्चीचा कठडा, दरात आहे का? पाण्याचा हौद, सेप्टिक टँक, कंपाउंड, बोअरची मोटर, गेट आणि पोर्चमधली फरशी या गोष्टी सहसा दरात नसतात, आणि त्या नाहीत हे कोणी आपणहून सांगत नाही. या ‘बाहेरच्या’ कामांची बेरीज मुख्य खर्चाच्या १५ टक्क्यांवर सहज जाते. १८ लाखांचं घर म्हणून कर्ज काढलेल्याला शेवटी वीस-एकवीस लाख लागतात ते यामुळे. भाववाढीचा दोष त्यात थोडाच असतो.

करही विचारून घ्या. एकट्या राहत्या घराच्या निव्वळ मजुरीच्या कामावर जीएसटी नाही. मालासकट कामावर १८ टक्के आहे. गुत्तेदार नोंदणीकृत असेल आणि पक्कं बिल देणार असेल, तर हे १८ टक्के दरात धरले आहेत की वरून, ते कागदावर यायला हवं.

पाया

मराठवाड्यात घर बिघडतं ते खालून. काळी कसदार जमीन ज्वारी-कपाशीला चांगली, घराला वैरी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पडतात. हा खेळ वरच्या दोन-चार फुटांपुरता नसतो. ऋतूप्रमाणे ओल कमी-जास्त होण्याचा थर काळ्या जमिनीत साडेतीन मीटरपर्यंत जाऊ शकतो. पाया त्या थरातच थांबला तर घर दरवर्षी थोडं उचलतं, थोडं बसतं. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग, फरशीच्या मधोमध खळगा, दार अडकणं, सगळ्याचं मूळ तेच.

गुत्त्याच्या दरात पाया बहुतेक वेळा पाच फूट धरलेला असतो. ‘पाच फुटांवर मुरूम लागला नाही तर पुढचं एक्स्ट्रा’ हे बोलण्यात असतं, पण त्या एक्स्ट्राचा दर कुठेच नसतो. मग खड्ड्याच्या तळाशी काळी माती दिसत असतानाच कोबा टाकला जातो. घरमालकालाही एक्स्ट्रा नको असतं, गुत्तेदारालाही घाई असते. दोघांचं एकमत होतं आणि घराचं नुकसान होतं.

एक फूट जास्त खोल जायला किती लागतं ते पाहा. बारा कॉलम, प्रत्येकाचा खड्डा साडेचार बाय साडेचार फूट. एक फूट खाली म्हणजे प्रत्येक खड्ड्यात सुमारे २० घनफूट, बारांचे मिळून २४३, म्हणजे अडीच ब्रासला थोडं कमी खोदकाम. कॉलम ९ बाय १२ इंची आणि त्यात १२ मिमीचे सहा गज धरले, तर वाढीव लोखंड ७२ फूट, म्हणजे साडेएकोणीस किलो. वाढीव काँक्रीट अवघं ९ घनफूट. रिंगा (उभ्या गजांना वेढणाऱ्या वाकवलेल्या सळया) आणि परत भराव धरूनही हा काही हजारांचा मामला आहे. १८ लाखांच्या घरात इतकी स्वस्त दुसरी सुधारणा नाही. त्यामुळे करारात ‘पाया कठीण मुरमापर्यंत, पाच फुटांखाली प्रत्येक फुटाला अमुक रुपये’ ही एक ओळ लिहून घ्या.

आठ-दहा फुटांवरही मुरूम लागत नसेल, नदीकाठच्या किंवा ओढ्यालगतच्या लेआउटमध्ये असं होतं, तर उघडे खड्डे घेण्यापेक्षा अंडररीम्ड पाइल परवडतात. साडेतीन-चार मीटर खोल गोल छिद्र, तळाला छिद्राच्या अडीचपट रुंदीचा फुगवटा, त्यात गजांचा पिंजरा आणि काँक्रीट. हे मशीन आणि माणसं तालुक्याच्या गावात मिळतीलच असं नाही, जिल्ह्याहून बोलवावी लागतात. हा निर्णय गुत्तेदाराचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे. ‘आमचे साहेब बघतात’ असं म्हणणाऱ्याकडून त्या साहेबांच्या सहीचा नकाशा मागा.

आणखी दोन गोष्टी याच टप्प्यावर पाहायच्या. जोत्यात भराव काळ्या मातीचा नको. खड्ड्यातून निघालेली माती समोरच पडलेली असते, फुकट असते, म्हणून तीच आत ढकलली जाते. भराव मुरमाचाच हवा, सहा ते नऊ इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. दुसरं, काळ्या जमिनीत प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरची तुळई, जमिनीवर टेकवू नये. खाली तीन इंच पोकळी ठेवली तर फुगणारी माती बीमला वर ढकलत नाही. ही पोकळी ठेवायला कष्ट लागतात, म्हणून ती नकाशात असते आणि साइटवर नसते.

लोखंड

जालना जवळ असल्यामुळे मराठवाड्यात सळईची टंचाई नाही, निवड भरपूर आहे. करारात ‘चांगल्या कंपनीचं लोखंड’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. Fe ५०० की Fe ५५० हा प्रश्न सगळे विचारतात. त्यामागचं ‘डी’ हे अक्षर जास्त कामाचं आहे, Fe ५००डी म्हणजे तुटण्याआधी जास्त ताणली जाणारी सळई. गजावर आयएस १७८६ चा शिक्का आणि ग्रेड उमटलेला असतो, तो वाचता येतो.

वजन स्वतः तपासा. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरचं वजन निघतं. बारा मीटरच्या पूर्ण गजाचं वजन ८ मिमीला ४.७४ किलो, १० मिमीला ७.४, १२ मिमीला १०.६६ आणि १६ मिमीला १८.९६. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) नियमात १० मिमीपर्यंत सात टक्के आणि १२ ते १६ मिमीला पाच टक्के कमी-जास्त चालतं. ८ मिमीचा गज सव्वाचार किलोच भरला तर तो त्या मर्यादेच्या बाहेर आहे. काटा पावती आणि गजांची मोजणी, दोन्ही हवं. नुसत्या पावतीवर भरवसा नको, कारण तीच गाडी दोन साइटवर अर्धी-अर्धी उतरू शकते.

आता स्लॅबची जाळी. नकाशात ८ मिमीचे गज सहा इंचांवर लिहिलेले असतात, साइटवर आठ इंचांवर बांधले जातात. वरून पाहिलं तर जाळी भरगच्चच दिसते, टेप लावल्याशिवाय कळत नाही. दोन्ही दिशांना हे केलं तर १,००० फुटांच्या स्लॅबमध्ये सुमारे १२२ किलो लोखंड वाचतं. किलोला ६० रुपये धरले तर सात हजार तीनशे. स्लॅबचं पाव लोखंड गेलं आणि गुत्तेदाराच्या हाती आले सात हजार! या धंद्यातली बरीचशी बेइमानी अशी चिल्लर असते, म्हणून तिचा जास्त राग येतो.

रिंगांकडे बघायची सवय कोणाला नसते. रिंगेचं तोंड काटकोनात वाकवून सोडलेलं असेल तर भूकंपाच्या हिसक्याला ते उघडतं आणि आतले गज बाहेर फुगतात. तोंड १३५ अंशांत आत वळलेलं आणि टोक काँक्रीटच्या गाभ्यात किमान ६५ मिमी गेलेलं हवं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला तेव्हा माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या भाराखाली. त्यानंतर सगळ्यांनी सिमेंटची घरं बांधली आणि भूकंपाचा विषय संपला असं मानलं. काटकोनी रिंगांचं आरसीसी घर त्या विषयातून सुटलेलं नाही. खेड्यात अजूनही कॉलमशिवाय भिंतींवर स्लॅब टाकतात. तिथे जोत्याला आणि चौकटींच्या वर, घराला सलग वेढा घालणारा आरसीसी पट्टा हवाच, नुसता दारा-खिडकीपुरता लिंटेल पुरत नाही.

कव्हर ब्लॉक, म्हणजे गज फळीला टेकू नये म्हणून खाली ठेवायचा ठोकळा, हा शेवटचा मुद्दा. फुटिंगला (कॉलमखालच्या पायथ्याला) ५० मिमी, कॉलमला ४०, बीमला २५, स्लॅबला २०. फरशीचे तुकडे किंवा खडी खाली सरकवून ‘झालं की कव्हर’ म्हणतात. खडी व्हायब्रेटरने निसटते, गज फळीला टेकतो, आणि काही वर्षांनी छताचा पापुद्रा गंज दाखवत खाली येतो. ब्लॉक स्वस्त असतात, स्वतः नेऊन दिले तरी चालेल.

स्लॅबचा दिवस आणि नंतरचे चौदा दिवस

एम-२० काँक्रीट म्हणजे एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. सिमेंटची ५० किलोची बॅग आकारमानाने ३५ लिटर भरते, म्हणून मोजमापाचा फरमाही ३५ लिटरचाच असतो, आतून ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर. बॅगेमागे दीड फरमा वाळू, तीन फरमे खडी. साइटवर फरमा असतो, पण तो बहुतेक वेळा कोपऱ्यात उपडा पडलेला असतो आणि काँक्रीट कालवायच्या मिलरमध्ये घमेली जातात. घमेलं सकाळी शिगोशीग असतं, दुपारी बिगारी थकले की अर्धं. वाळू ओली असेल तर तीच वाळू फुगून पाव हिस्सा जास्त जागा घेते, त्यामुळे फरम्यात प्रत्यक्षात कमी भरते. हे सांभाळणारा मिस्त्री मिळाला तर त्याला जपा.

बॅगेमागे पाणी २५ ते २७ लिटर, त्यात वाळूची ओल धरून. काँक्रीट पसरायला सोपं जावं म्हणून ३५-४० लिटर ओतलं जातं आणि ताकद तिथेच जाते. बोअरचं पाणी खारं असेल तर आधी तपासून घ्या. आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नको.

पाच इंची स्लॅब १,००० फुटांचा असेल तर पावणेबारा घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे नव्वद-पंच्याण्णव बॅगा. त्या दिवशी रिकाम्या बॅगा मोजून ठेवा, सत्तरच निघाल्या तर प्रमाण पाळलेलं नाही.

आणि पाणी. गुत्त्यात ‘पाणी मालकाचं’ ही ओळ हमखास असते. चांगल्या पावसाच्या वर्षी ती कोणी वाचतही नाही. एप्रिलमध्ये टँकर लागू झाले की तीच सगळ्यात महाग ओळ ठरते. स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी उभं करायचं तर पहिल्यांदा ४,६०० लिटरच्या आसपास लागतं. उन्हाने दिवसाला एक सेंटिमीटर उडतं असं धरलं तर रोज ९३० लिटर भर, चौदा दिवसांत तेरा हजार. म्हणजे ५,००० लिटरचे साडेतीन-चार टँकर नुसत्या स्लॅबला. कॉलमला ओलं बारदान गुंडाळणं आणि भिंतींवर पाणी मारणं वेगळं. हल्ली बॅग बहुधा पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची असते. ती सावकाश ताकद घेते, म्हणून तिला दहा दिवस किमान आणि चौदा दिवस चांगले.

पाण्याचं ओझं मालकावर आणि पाणी मारायचं काम गुत्तेदाराकडे, अशा विभागणीत पाचव्या दिवसानंतर दोघेही गप्प बसतात. पाणी मारणाऱ्या माणसाची मजुरी कोणाकडे ते लिहा. जमलं तर स्लॅब फेब्रुवारीच्या आत पाडून घ्या.

सेंट्रिंगचे टेकू भाड्याचे असतात, म्हणून ते काढायची घाई असते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवसांनी. पीपीसी असेल तर त्यात आणखी दिवस घाला. या मुदती करारात आल्या की वाद उरत नाही.

वाळू आणि विटांचं थोडक्यात. गोदावरी-पूर्णेची वाळू घाट बंद असताना चोरट्या भावाने येते आणि पावती नसेल तर गाडी पकडली जाण्याचा ताप मालकालाही होतो. चांगल्या प्लांटची धुतलेली क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) काँक्रीटला सरस आहे, प्लास्टरला वेगळी बारीक घ्यावी लागते. दगडी कच आणि क्रश सँड एक नव्हे, गुत्तेदार दोन्हीला एकाच नावाने हाक मारतो. वीट रात्रभर पाण्यात ठेवून काढा. तीन किलोची कोरडी वीट तीन किलो सहाशे ग्रॅमच्या वर गेली तर परत पाठवा. परळीच्या औष्णिक केंद्राची राख हाताशी असल्यामुळे त्या भागात राखेच्या विटा सहज मिळतात. माप एकसारखं असतं, प्लास्टर कमी लागतं. त्या नीट पिकलेल्या हव्यात, ताज्या ओल्या नकोत.

भाव वाढला तर?

‘लोखंड वाढलंय, फुटामागे शंभर रुपये वाढवून द्या.’ ही मागणी साधारण जोतं झाल्यावर येते, कारण तेव्हा गुत्तेदार बदलणं अवघड असतं. शंभर रुपये फूट म्हणजे लाख रुपये. खरी वाढ किती? करार झाला तेव्हा लोखंड ५८ रुपये किलो होतं, आता ६६ झालं असं धरा. पाच टक्क्यांपर्यंतची वाढ गुत्तेदाराने सोसायची असं ठरलं असेल तर २ रुपये ९० पैसे त्याचे, उरलेले ५ रुपये १० पैसे तुमचे. घराला ३,८०० किलो लागणार असेल तर तुमच्या वाट्याला १९ हजार ३८० येतात. लाख नव्हेत.

म्हणून कराराच्या दिवशीचा सिमेंटच्या बॅगेचा आणि लोखंडाच्या किलोचा भाव, दोन्हीची अंदाजित मात्रा, आणि पाच टक्क्यांवरचा फरक पावतीप्रमाणे, एवढं लिहून घ्या. हे कलम दोन्ही बाजूंनी लागू हवं, उतरला तर मालकाला परत. शहाणा गुत्तेदार याला नाही म्हणत नाही, कारण त्याचीही झोप उडायची थांबते. जो चिडतो त्याच्याबद्दल तेवढ्यातच कळून चुकतं.

कर कमी होईल म्हणून थांबणाऱ्यांसाठी: २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करासह ३५० रुपयांची बॅग असेल तर फरक २७ रुपयांचा, ४५० बॅगांना बारा हजार. १८ लाखांच्या घरात हे एक टक्काही नाही.

हप्ते असे पाडा: इसार पाच टक्के, जोतं झाल्यावर पंधरा, कॉलम उभे राहिल्यावर दहा, स्लॅब पडल्यावर पंचवीस, वीटकामाला पंधरा, प्लास्टरला दहा, फरशी-लाईट-नळाला दहा, रंग आणि ताब्याला पाच, आणि शेवटचे पाच टक्के एक पावसाळा गेल्यावर. गुत्तेदार उलट मागतो, सुरुवातीला जास्त. जोत्यालाच चाळीस टक्के उचल दिली की पुढे फोन लागत नाहीत.

मग बांधावं की थांबावं?

बँक टप्पा पूर्ण झाल्यावर पैसे सोडते, गुत्तेदार टप्पा सुरू होताना मागतो. मधली खिंड तुम्ही भरायची. वरच्या हिशेबाने स्लॅबपर्यंत ५५ टक्के, म्हणजे ९ लाख ९० हजार जातात. त्यातला स्लॅबचा एक हप्ताच साडेचार लाखांचा. तेवढी रोकड स्वतःच्या हातात नसेल तर सुरू करू नका. जोत्यावर थांबलेलं घर एकवेळ चालतं. कॉलमवर थांबलेलं घर दर पावसाळ्यात गंजतं.

थांबण्याचीही किंमत आहे. वर्षाला सहा टक्क्यांनी खर्च वाढला तर १८ लाखांवर १ लाख ८ हजार. महिना ८,००० भाडं असेल तर ९६ हजार. म्हणजे एक वर्ष थांबल्याचे दोन लाखांच्या वर. तेवढ्या काळात त्याहून जास्त शिल्लक पडत असेल तरच थांबण्यात अर्थ आहे. दहा लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांना घेतलं तर हप्ता ८,६७८, भाड्याच्या आसपासच. पूर्ण १८ लाख कर्ज काढलं तर १५,६२०. पहिल्या परिस्थितीत बांधा. दुसऱ्या परिस्थितीत घर लहान करा, ७०० फुटांचं. लोखंड आणि सिमेंट तेच ठेवा. वरचा मजला पुढे कधीतरी करायचा असेल तर पाया आणि कॉलम आत्ताच दोन मजल्यांचे घ्या, त्याला जास्त लागत नाही. स्लॅबवर उघडे काढून ठेवलेले गज मात्र हलक्या काँक्रीटने झाकून टाका. गावोगाव आकाशाकडे बोट दाखवत उभे असलेले ते गज दहा वर्षांनी जोडण्याच्या लायकीचे राहत नाहीत.

महिनाही पाहा. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासचे बिगारी ऊसतोडीला जातात, ते मार्चपर्यंत येत नाहीत. तेव्हा मजूर ओढून आणावे लागतात. भट्ट्या पावसाळ्यात बंद असतात, म्हणून विटा मे महिन्याच्या आत उतरवून झाकून ठेवलेल्या बऱ्या. सिमेंट मात्र साठवू नका. तीन महिने पडून राहिलेलं सिमेंट साधारण पाचव्या हिश्श्याने कमजोर होतं. बॅगेवर आठवडा आणि साल छापलेलं असतं.

हे गुत्तं कोणासाठी? नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत असलेल्या आणि गावाकडे घर बांधणाऱ्या माणसाला दुसरा इलाज नसतो. त्याने इंजिनिअरला प्रत्येक काँक्रीटच्या आदल्या दिवशी भेट देण्याचे वेगळे पैसे द्यावेत आणि इंजिनिअर गुत्तेदाराचा नसावा. जो रोज साइटवर जाऊ शकतो त्याने मधली वाट धरावी: लोखंड आणि सिमेंट स्वतःचं, वाळू-वीट-खडी आणि मजुरी गुत्तेदाराकडे. चढणारा माल तुमच्या हातात राहतो, बाकीची धावपळ त्याच्याकडे. तोटा एवढाच की माल तुमचा म्हटल्यावर तो सांडायची फिकीर कोणाला नसते, आणि बारा मीटरच्या गजाचे तुकडे भंगारात जातात. कापण्याआधी कापायच्या लांबीची यादी मागितली तर बरेच गज वाचतात. निव्वळ लेबर रेटवर सगळा माल आपण आणणं हे ज्याला बांधकामाची जाण आहे आणि वेळही आहे, त्याचंच काम.

ताबा घेताना गच्चीची पाण्याची तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवा. आतून छताला हात लावून पाहा, पंख्याच्या हुकांभोवती, पाइप जिथून खाली येतो तिथे आणि पॅरापिटच्या कडेने. पाण्याचा पाइप घराच्या पायाशी सांडत असेल तर तो दहा फूट लांब नेऊन सोडायला लावा, आणि भिंतींना लागून तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेला कोबा झाल्याशिवाय शेवटचे पाच टक्के देऊ नका.